मेमधली बोट, जुलैतला पूर

(दृश्य : राजाराम बंधारा, उन्हाळ्यातलं उथळ पात्र.)

पंचगंगा इथं ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना भेटले की आधी विचारतात, "पाणी किती फूट?" २०१९ आणि २०२१ साली या प्रश्नाचं उत्तर ५० च्या वर गेलं होतं. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत माणसं बोटीतून बाहेर काढावी लागली. तेव्हापासून या पट्ट्यात बोट ही नुसती रंकाळा तलावावर फेरी मारायची गोष्ट राहिलेली नाही.

पण पूर येतो चार-आठ दिवस. उरलेलं वर्ष बोट पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली पडून असते.

(दृश्य : शेड. ताडपत्री निघते. सीटखालच्या कप्प्याचं झाकण उघडतं.)

झाकण उचललं की पेट्रोलचा भपकारा येतो. आत टाकी, तिला टेकून बॅटरी, वर कोंबलेली लाइफ जॅकेट आणि कोपऱ्यात तेलकट फडकं. पावसाळ्याआधीच्या बोट-चाचणीच्या तयारीला आलेला पोरगा टाकीखाली हात फिरवून बघतो.

"मामा, टाकी तर कुठं गळत न्हाई."

"गळाय कशाला पायजे? वाफ भाईर पडली की झालं."

मामांचं, म्हणजे मेस्त्रींचं, बरोबर आहे. पेट्रोलला वाफ व्हायला ऊन लागत नाही. शून्याखाली ४० अंशांवरसुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते. हवेत ती दीड टक्का असली तरी भडक्याला पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड. घरातला सिलिंडरचा गॅस जसा फरशीलगत साचतो, तशी ती कप्प्याच्या तळाशी बसून राहते. झाकण तासभर उघडं ठेवलं तर वरचा वास जातो, तळातली वाफ तिथंच असते. आणि नाकाचा भरवसा धरू नये. थोडा वेळ वासात काम केलं की नाक तो सांगायचं बंद करतं.

टाकी भरून का ठेवतात, याला इथलं कारण आहे. महापुरात महामार्ग बंद पडला, टँकर अडकले, तेव्हा ज्याच्याकडं पेट्रोल त्याचीच बोट चालली. म्हणून काठोकाठ भरायची सवय लागली. मात्र २५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं की जवळपास अर्धा लिटर फुगतं. पत्र्याखाली तेवढा फरक सकाळ-दुपारमध्येच पडतो. जागा नसली की ते झाकणातून वाट काढतं.

(दृश्य : टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू, अगदी जवळून.)

हा हवेचा स्क्रू. ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावलेलं मशीन, चालू असताना तो उघडा लागतो, नाहीतर टाकीत हवा शिरत नाही आणि मशीन भर पाण्यात दम तोडतं. ठेवताना तो घट्ट बंद हवा. इथं तो अर्धवट उघडाच राहिला होता.

आता पाइप. मेस्त्री स्वच्छ पांढरं फडकं घेतात, पाइपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबून फिरवतात आणि वास घेतात. फडक्याला वास आला तर पाइप बाद; वरून ओला दिसो वा न दिसो. मधला रबरी फुगा आणि जोडाचं वॉशरही असंच तपासायचं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचं असेल कदाचित, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. ते ओलावाही ओढून घेतं, त्यामुळं वर्षभर साठवलेलं पेट्रोल पुराच्या दिवशी भरवशाचं राहत नाही. साठा ठेवायचाच तर बोटीबाहेर, सावलीत, हवेशीर जागी, थोडा रिकामा आणि अधूनमधून बदललेला.

टाकी निघाली, पण वास आहेच. तळाच्या पाटाखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम असतो. त्यात पेट्रोल मुरलं असेल तर साबणाच्या पाण्यानं वरवर धुऊन भागत नाही, तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. डांबरगोळ्या टाकणं म्हणजे धोका झाकून ठेवणं. अगरबत्तीबद्दल तर बोलायलाच नको. बोट पाण्यात सोडताना पूजा जरूर करा, नारळ फोडा, पण कापूर काठावर, चांगला लांब.

(दृश्य : बोटीचं नाक उंच केलेलं. मागचा बूच निघतो.)

आधी आसपासची विडी, वेल्डिंग, ग्राइंडर बंद. मग मागचा बूच काढून तळाला वाट द्यायची. बॅटरीच्या तारांना हात लावायचा नाही, कारण तार काढतानाही ठिणगी उडते. सगळं हवेशीर झाल्यावरच ती सोडवायची आणि दुसऱ्या कप्प्यात न्यायची.

उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपात होईल एवढंच पुढचं काम आहे. कप्प्याला दोन नळ्या बसवायच्या. एक बाहेरची हवा आत आणणारी. दुसरीचं आतलं टोक थेट तळाजवळ, पण साचणाऱ्या पाण्याच्या वर, आणि बाहेरचं तोंड उंच, मागच्या बाजूला. बोट पुढं गेली की तळातली वाफ ओढली जाते. नुसत्या झाकणाला भोकं पाडून हे होत नाही. आत बसवलेल्या इंजिनाच्या बोटीला पंखा असतो, तो स्टार्टर मारण्याआधी चार मिनिटं चालवावा लागतो. आपल्या बहुतेक बोटींना ओबीएम असतं, तिथं पंख्याची गरज पडत नाही.

(दृश्य : पंचगंगा घाट. चाचणी संपते.)

टाकी काठावर उतरवून, जमिनीवर ठेवूनच भरली होती. आता बोट पिंपाजवळ येते. पाइप सोडून मशीन पिंपातल्या पाण्यात चालू ठेवतात, आतलं उरलेलं पेट्रोल जळून ते आपोआप बंद पडेपर्यंत. पोरगा स्क्रू आवळतो, टाकी उचलून बाहेर नेतो. आग विझवायचं डीसीपीचं, म्हणजे कोरड्या पावडरचं, नळकांडं कप्प्यात टाकायला निघालेल्या दुसऱ्याला मेस्त्री तिथंच थांबवतात.

"आग कप्प्यात लागली, तर हात कुठनं घालणार? भाईर, चालवणाऱ्याच्या पायाजवळ बांध."