बांबू पोलादाहून बळकट?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत एखाद्या जुन्या इमारतीची दुरुस्ती निघाली की भोवती बांबूची परांची चढते. खालून जाताना तिचे सांधे जरा निरखून बघा. खिळा नाही, नटबोल्ट नाही, सगळं दोरीनं आवळलेलं. लोखंडी नळ्यांची परांची मात्र कड्या आणि बोल्टांनी कसलेली. हा फरक निव्वळ पैशाचा नाही, तो त्या दोन पदार्थांच्या अंतरंगातला आहे.

पोलाद म्हणजे लोखंडाचे सूक्ष्म स्फटिककण, वाट्टेल त्या दिशांना तोंडं करून दाटीनं बसलेले. म्हणून पोलाद उभं ओढा, आडवं ओढा, बळ जवळपास तेवढंच. भोक पाडा, वेल्डिंग करा, ते फारशी कुरकुर करत नाही. बांधकामाच्या सळईवर ५०० हा आकडा असतो. त्याचा अर्थ असा, की प्रत्येक चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० किलोंचा भार येईपर्यंत ती कायमची लांबत नाही. पुढेही ती एकदम तुटत नाही, आधी ताणली जाते. इंजिनिअरला हवी असते ती ही खात्री.

बांबूचं सगळं बळ लांबीत. त्यात तंतूंचे जुडगे बुंध्यापासून शेंड्याकडे धावतात आणि त्यांना धरून ठेवणारा मऊ भाग त्या मानानं दुबळा. बुरूड टोकाला कोयता लावून ठोका देतो, की चीर सरळ धावत सुटते, पेरापाशी तेवढी अडखळते. बुरुडाला जे सोयीचं, तेच परांचीवाल्याला घातक. खिळा ठोकला की तोच पाचर होतो आणि बांबू फाटतो. म्हणून दोरी.

आता ताज्या कापलेल्या बांबूचं तोंड बघा. काळसर ठिपके दिसतील, ते तंतूंचे जुडगे. सालीलगत खच्चून भरलेले, पोकळीकडे विरळ. वाऱ्यानं बांबू वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेवर येतो, आणि माल नेमका तिथेच भरलेला आहे! पोकळ नळी वाकवली की चपटी होते, ते पेरांतले आडवे पडदे रोखतात.

मग मोबाइलवर फिरणारं ते ‘बांबू पोलादाहून बळकट’ खरं का? वजनाच्या हिशेबात, तेही लांबीच्या दिशेनं, बऱ्याच अंशी खरं. पोलाद बांबूच्या दहापट जड आणि ढोबळमानानं तेवढंच जास्त ताठ. पण सळईऐवजी बांबू काँक्रीटमध्ये घालायला सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. ओल्या काँक्रीटमधलं पाणी पिऊन तो फुगतो, वाळल्यावर आकसतो, आणि पकड सुटते. शिवाय दोन बांबू कधी सारखे नसतात. तीन-चार वर्षांचा पक्का आणि कोवळा यांच्यात मोठी तफावत.

त्यावरचा तोडगा कारखान्यानं काढला आहे. कामट्या रंधून, डिंक लावून, दाबून एकसारख्या फळ्या करायच्या. बंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या छतात असाच बांबू आहे. अशा फळीचं माप ठरलेलं, ताकद तपासता येते. पण रंध्याखाली आधी जाते ती सालीलगतची, सर्वांत दाट तंतूंची पाठ.