गुडघ्याची वाटी खोबणीत कधी बसते?

नमस्कार. आज गुडघ्याच्या वाटीविषयी बोलू. ऐकता ऐकता एक गोष्ट करून पाहावी, अशी माझी विनंती आहे. पाय लांब करून बसा, मांडी पूर्ण सैल सोडा आणि वाटी चिमटीत धरून हलकेच डावीउजवीकडे सरकवा. ती सहज सरकते. आता मांडी आवळा. वाटी वर खेचली जाते आणि घट्ट होते.

याचे कारण असे की वाटी कोणत्याही हाडाला थेट जोडलेली नाही. मांडीच्या पुढच्या बाजूच्या क्वाड्रिसेप्स या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, वाटीला आपल्यात सामावून घेत खाली उतरते आणि नडगीच्या हाडावर, गुडघ्याखाली बोटांना जाणवणाऱ्या उंचवट्याला चिकटते. वाटी या कंडरेला सांध्यापासून पुढे उचलून धरते, म्हणून स्नायूच्या तेवढ्याच ओढीत पाय अधिक ताकदीने सरळ होतो.

वाटीच्या मागच्या पृष्ठभागावर एक उभा उंचवटा असतो आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला त्याला सामावणारी खोबण असते. मात्र पाय सरळ असताना वाटी या खोबणीच्या वरच्या अंगाला असते. गुडघा साधारण २० ते ३० अंश वाकला की ती खोबणीत नीट शिरते. प्रथम वाटीचा खालचा भाग हाडाला टेकतो, आणि गुडघा वाकत जाईल तसा हा टेकण्याचा पट्टा वाटीवर वर सरकत ९० अंशांपर्यंत तिच्या वरच्या भागावर पोहोचतो. भार एकाच जागी साचू नये अशी ही रचना मला फार विलक्षण वाटते. त्या भाराचा अंदाजही घ्या : सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा, जिना चढउतार करताना तिपटीहून अधिक आणि खोल उकिडवे बसताना सातपटीच्या आसपास दाब येतो. म्हणूनच येथील कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडावर असणारे गुळगुळीत आवरण, शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे, आणि म्हणूनच वाटीमागचे दुखणे बहुधा जिन्यावर आधी जाणवते.

मांडीचे हाड खुब्याकडून गुडघ्याकडे येताना आत झुकते, त्यामुळे स्नायूची ओढ वाटीला थोडी बाहेर नेते. तिला आवरायला खोबणीची बाहेरची भिंत अधिक उंच असते, आणि आतल्या बाजूने एक अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा, तिला धरून ठेवतो. वाटी खोबणीत शिरण्याआधी तिची मुख्य भिस्त या अस्थिबंधावरच असते. पाऊल जमिनीवर रोवलेले, गुडघा किंचित वाकलेला आणि वरचे शरीर झटक्याने वळले, तर वाटी निसटते ती जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूला, आणि पहिल्याच वेळी हा अस्थिबंध बहुधा फाटतो. खोबण जन्मतः उथळ असेल किंवा वाटी मुळातच उंचावर असेल, तर हा धोका वाढतो. पाय सरळ करताच वाटी पुष्कळदा आपोआप जागेवर येते. तरीही डॉक्टरांना दाखवावे, कारण निसटताना कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात अडकलेला असू शकतो.