चार ठिकाणांहून आलेली एकच गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

खांद्यावर बोकड घेऊन घरी निघालेल्या ब्राह्मणाची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. वाटेत पहिला ठग भेटतो आणि विचारतो, "महाराज, खांद्यावर कुत्रं कशाला घेतलंत?" ब्राह्मण त्याला झिडकारतो. पुढे दुसरा तेच विचारतो, तेव्हा तो बोकड खाली उतरवून नीट न्याहाळतो. तिसरा भेटल्यावर मात्र तो बोकड तिथेच टाकतो आणि घर गाठतो. आपण त्याला भोळसट म्हणत आलो. मला आता तसं म्हणवत नाही. तीन अनोळखी माणसं, तीन वेगळ्या ठिकाणी, एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर कोणीही विचारात पडेल. तिघांनी आधी एकत्र बसून ठरवलं होतं, एवढंच त्याला कळायला मार्ग नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या आत्याने दारावरच्या चादरीवाल्याला परत पाठवलं. वर्षानुवर्षं येणारा माणूस. ती त्याला पाणी विचारायची, घासाघीस करायची, मुलीच्या लग्नाचं काय झालं ते विचारायची. त्या दिवशी तिने साखळीसुद्धा काढली नाही. "चादरी विकायच्या निमित्ताने घरं हेरतात," असा मेसेज तिच्या फोनवर आला होता. मी म्हटलं, आत्या, हा माणूस तुझ्या ओळखीचा आहे ना? ती म्हणाली, "अगं, एकाच ठिकाणाहून आला असता तर मीही सोडून दिलं असतं. चार ठिकाणांहून आलाय. चौघं कशाला खोटं सांगतील?"

हेच वाक्य मला तुमच्यासमोर ठेवायचं आहे. इको चेंबर म्हणजे प्रतिध्वनीची खोली, जिथे एकच गोष्ट आपल्याच माणसांकडून पुन्हा पुन्हा कानावर येते. तिच्याबद्दल बोलताना आपण सहसा म्हणतो की माणसं खोट्यावर विश्वास ठेवतात. माझ्या मते आधी चुकते ती मोजदाद. एकच आवाज चार भिंतींवरून परत येतो आणि आपण चार साक्षीदार धरतो.

आता मी बोलते आहे तो आवाज कितीही घरांत पोचला, तरी बोलणारी एकच बाई आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या हजारो प्रती निघाल्या, तरी बातमी एकाच पत्राची, हे वाचकाला कळतं. फोनवरची एकच गोष्ट मात्र काकांच्या नावाने येते, शाळेतल्या मैत्रिणीच्या नावाने येते, सोसायटीच्या ग्रुपवर येते, भिशीच्या ग्रुपवर येते. प्रत्येक वेळी चेहरा आपल्या माणसाचा असतो. त्या चेहऱ्यांवरचा वर्षांचा विश्वास मेसेजला आयता मिळतो.

1 जुलै 2018. रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. त्या दिवशी तिथे आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले होते. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. त्या काळात मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आणि व्हिडिओ फोनोफोनी पोचले होते. देशभर फिरलेला त्यातला एक व्हिडिओ तर मूळचा कराचीतला होता. मुलांची काळजी घ्या हे सांगण्यासाठी मुद्दाम अभिनय करून केलेली ती चित्रफीत. मूल परत आणून सोडतात तो शेवट कोणीतरी कापून टाकला, आणि उरलेलं पुढे पाठवलं.

राईनपाड्यात जमावाने त्या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

मारणाऱ्यांपैकी एकाने तरी मूल पळवताना कोणाला पाहिलं होतं का? कोणीच नाही. पण प्रत्येकाने ते अनेकांकडून ऐकलं होतं. भिक्षा मागायला येणारा गोसावी खेड्यापाड्यांना काही नवा नाही. नवं होतं ते त्याच्याकडे बघणाऱ्याच्या कानात आधीच भरलेलं.

सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात अमेरिकेत एक साधा प्रयोग केला होता. कागदावरच्या तीन रेघांपैकी दिलेल्या रेघेएवढी कोणती, ते ओळखायचं. एकट्याने सांगताना जवळजवळ कोणीच चुकत नसे. मग एका विद्यार्थ्याला अशा गटात बसवलं, जिथे बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देणार होते. सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला बळी पडले. डोळ्यांसमोर रेघ असताना! पण मला या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. गटातल्या एका जरी माणसाने खरं उत्तर दिलं, तर अशा चुका सुमारे एक चतुर्थांशावर येत. बाकीचे सगळे चुकीचंच सांगत असतानाही.

त्याच 1 जुलैला मालेगावातही असाच जमाव जमला होता. एका कुटुंबाला घेरलं होतं, त्यात दोन वर्षांचं मूलही होतं. तिथे काही स्थानिक माणसांनी त्यांना एका घरात घेतलं. पोलिसांनी त्या सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. मेसेज तेच, भीतीही तीच, जमाव मोठा. त्या घरात त्यांना घेणाऱ्यांना बाहेरच्या गर्दीत आपलेच शेजारी दिसत असतील. त्यांच्या धैर्याची मला राहून राहून आठवण येते.

त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी बाणाची खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. 2020 मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, असं झालं. हे चांगलंच झालं. पण ती खूण आत्याच्या फोनवरही होती. तिचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. तिला वाटायचं, बाण आहे म्हणजे महत्त्वाचं असेल.

एका दुपारी आम्ही दोघी चहा घेत बसलो आणि एकेकाला फोन लावला. काकूंना तो मेसेज भाच्याने पाठवला होता. भिशीतल्या बाईंना काकूंनी. देवळाच्या ग्रुपवर भिशीतल्याच बाईंनी. चौथा खुद्द भाच्याकडून आला होता, आणि भाच्याला कोणाकडून आला ते त्याला आठवत नव्हतं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे एकच झालं की गं."

संध्याकाळी तिने भिशीच्या ग्रुपवर, एका बोटाने टाइप करत, विचारलं: "चादरीवाल्याने घर हेरताना तुमच्यापैकी कोणी स्वतः पाहिलंय का?" दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एकीने लिहिलं, "मी नाही." त्याखाली दुसरीने, "मीपण नाही." रात्रीपर्यंत असे नऊ जणींचे झाले.