दगड ओळखणारी माणसं जिऑलॉजीच्या वर्गात का नाहीत?

हे कणकुंबी. खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा. इथं माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि निघते ती पूर्वेला, सौंदत्तीवरून पार कूडलसंगमला कृष्णेत, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि याच तालुक्यात भीमगडच्या जंगलातून निघणारी म्हादई उलटी गोव्याकडं, अरबी समुद्राला. एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो बघा. पण 'जलविभाजक' ही व्याख्या दोन मार्कांसाठी पाठ करणाऱ्या किती पोरांना कणकुंबी आठवते?

जिऑलॉजीच्या वर्गात ठरावीक घरांतलीच पोरं दिसतात, हे दुखणं अमेरिकेतही आहे. 2018 ला रॅचेल बर्नार्ड आणि एमिली कूपरडॉक यांनी 40 वर्षांच्या पीएचडींचे आकडे काढले, तर भूशास्त्रात, म्हणजे जिऑलॉजीत, वांशिक अल्पसंख्याक समाजाच्या मुलांचं प्रमाण जवळजवळ जिथल्या तिथंच. स्टीव्हन सेम्केन हे प्राध्यापक नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या डिने कॉलेजात शिकवायचे, त्यांनी 2005 मध्ये मांडलं की ज्या पोरांचा आपल्या जमिनीशी पिढ्यान् पिढ्या संबंध आहे त्यांना ती जमीनच बाजूला ठेवून जिऑलॉजी शिकवली तर ती पोरं टिकणार कशी, म्हणून सुरुवात त्यांच्याच डोंगरापासून करा.

आता आपल्याकडं या. जांभ्याच्या खाणीत काम करणाऱ्याला विचारा, तो सांगेल की चिरा जमिनीतून काढला तेव्हा मऊ असतो, तासून घ्यायचा तो तेव्हाच, एकदा वारा-ऊन लागलं की कडक होतो. मुसळधार पावसानं खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं, त्याचा हा जांभा, आणि अ‍ॅल्युमिनियम जास्तच साठलं तर तेच बॉक्साइट. बेळगावात अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना उगाच नाही आला. खाणवाल्याला सिलिका माहीत नसेल, पण कुठला थर धरायचा आणि कुठला सोडायचा हे तो नुसतं बघून सांगतो. खानापूरच्या कुंभाराचं तसंच, कौलाची माती कुठली, माठाची कुठली, हाताला कळतं. दारोदार फिरून पाट्याला टाकी घालून देणाऱ्या वडार बायका दगडाचा आवाज ऐकूनच ओळखतात की हा मसाला वाटेल का नुसता झिजेल. याला निरीक्षण नाही तर काय म्हणायचं?

पण यांच्या घरातलं पोर जिऑलॉजीला जातं का? घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्लिश, त्यात बारावी सायन्स म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. शिवाय बाप दगड फोडतो हे वर्गात सांगायची लाज वाटावी असं वातावरण आपणच केलंय की. स्कॉलरशिप द्या, नक्की द्या, पण तेवढ्यानं ही लाज जात नाही.

रॉबर्ट ब्रूस फूट या इंग्रज अधिकाऱ्यानं 1876 ला दक्षिण मराठा मुलखाच्या खडकांवर मोठा अहवाल लिहिला, 'कलादगी' हे खडकांचं नाव त्यातलंच. डोंगरात वाट दाखवणारी, इथं बघा साहेब म्हणणारी माणसं गावातलीच असणार. त्यांची नावं कोण लिहितंय!

त्या कलादगी खडकांचा मोठा पसारा गोकाक-सौंदत्तीकडं. घटप्रभा गोकाकला सुमारे 52 मीटर खाली उडी घेते ती याच वालुकाश्मावरून. डायनासोर सोडा, जमिनीवर झाडंसुद्धा नव्हती तेव्हाची ही वाळू. आणि वर चिकोडी-निपाणीकडं गेलात की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याचीच ती काळी माती ज्यात ऊस डोलतो. एवढं सगळं एका जिल्ह्यात!

शाळेची सहल गोकाकला जातेच दरवर्षी, सेल्फी होतात, भेळ होते. त्यातला अर्धा तास दगडासमोर काढा, जुन्या पाण्यानं वाळूवर उमटवलेल्या लाटा कुठं दिसतात का ते पोरांना हुडकायला लावा. आणि सोबत एखाद्या पाथरवट मामांना घेऊन चला, मराठीत कन्नडमध्ये जसं जमेल तसं बोलू दे त्यांना, आणि मानधन द्या हो, चहावर बोळवण नको.