हक्काचं आणि मेहेरबानीचं
(तुरुंग अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बहुतेकांची मैदानी तयारी जोरात चालली आहे, हे तुमच्याकडे बघूनच कळतंय. ती चालू ठेवा, पण त्यावर मी वेळ घालवणार नाही. तुरुंगाच्या नोकरीत जिवाच्या आकांताने धावायची वेळ क्वचित येते. दिवसातून असंख्य वेळा येते ती 'हो' किंवा 'नाही' म्हणायची. "साहेब, एक फोन करू द्या." "मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?" "साहेब, मला त्या बराकीतून हलवा." प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. तेच उत्तर उद्या, दुसऱ्या कैद्याला, तुमचं डोकं ठणकत असतानाही द्यावं लागतं.

कैद्याला जे जे हवं असतं त्याचे दोन भाग पडतात. एक त्याच्या हक्काचं: जेवण, औषध, आंघोळ, नातेवाइकांची भेट, वकिलाशी बोलणं, तक्रार वरपर्यंत पोचणं. दुसरं, जे नियमात बसत नाही. नवा माणूस गोंधळतो तो इथे. हक्काची गोष्ट तो उपकार केल्यासारखी देतो, थोडं ताटकळत ठेवून देतो. आणि जी द्यायचीच नाही ती कुणी गोड बोललं म्हणून देऊन बसतो. या दोन्हींची किंमत काय असते ते सांगतो.

१९७१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अटिका तुरुंगात उठाव झाला. सुमारे १,३०० कैद्यांनी तुरुंगाच्या एका भागाचा ताबा घेतला आणि तिथल्या ४२ कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं. कारणं अनेक होती. वंशभेद होता, गर्दी होती, वैद्यकीय सेवेची दैना होती. पण रोजचं जिणं कसं होतं बघा: आठवड्याला एक आंघोळ आणि महिन्याला टॉयलेट पेपरचा एक रोल. कैद्यांनी मागण्यांची यादी दिली, वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. १३ सप्टेंबरला सशस्त्र पोलिस आत घुसले आणि त्यांच्या गोळीबारात २९ कैदी आणि १० ओलीस मेले. म्हणजे ज्या सहकाऱ्यांना सोडवायला गेले, त्यांनाच गोळ्या लागल्या. सगळा उठाव धरून मृतांचा आकडा ४३ वर गेला. आंघोळीची पाळी चुकवणारा शिपाई काही या मृत्यूंना जबाबदार नसतो. पण दाद मागूनही काही हलत नाही, हे माणसाला रोज थोडं थोडं शिकवलं की एक दिवस तो दाद मागायचं सोडून देतो.

आता दुसरी बाजू. ग्रेशम साइक्स या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या कडेकोट तुरुंगाचा अभ्यास केला. कागदावर पहारेकऱ्याच्या हातात सगळी सत्ता, पण प्रत्यक्षात ती हातातून निसटत असते, असं त्याला दिसलं. सरळ आहे. एक माणूस कित्येक कैद्यांवर देखरेख करतो. प्रत्येक कामासाठी दंडुका उगारत बसला तर दिवस पुरणार नाही. वरिष्ठांना बराक शांत हवी असते. मग तो छोट्या नियमांकडे काणाडोळा करतो, बदल्यात कैदी गडबड करत नाहीत. कधी दिवसरात्र एकत्र काढल्यामुळे मैत्र जमतं. कधी आळसापोटी यादी करणं, वाटप करणं अशी स्वतःची कामं तो एखाद्या 'भरवशाच्या' कैद्यावर सोपवतो. आणि एकदा सोडलेली गोष्ट परत घ्यायला गेलं की तोच माणूस सगळ्यांना जुलमी वाटायला लागतो.

तुम्हाला फशी पाडायला येणारा कैदी पहिल्या दिवशी मोबाइल आत आणायला सांगत नाही. आधी तो तुमच्या कामाचं कौतुक करतो. मग घरचं विचारतो. मग कुठल्या अधिकाऱ्याने तुमच्याविषयी काय म्हटलं ते कानात सांगतो. मग एखादी अगदी क्षुल्लक वस्तू मागतो, जिला नाही म्हणायची तुम्हालाच लाज वाटावी. ती दिलीत की पुढची मागणी विनंती म्हणून येत नाही. "मागच्या वेळी दिलंत ते मी कुणाला बोललो नाही हं," या वाक्याने ती येते. म्हणून 'नाही' म्हणण्याचा सराव आजपासून करा. आवाज न चढवता, कारण सांगून, एकदाच. आणि 'बघतो' हा शब्द जिभेवरून काढून टाका. तुरुंगात 'बघतो' म्हणजे वचन. चौकशी करून सांगायचं असेल तर कधी सांगणार तेही सांगा, आणि उत्तर 'नाही' असलं तरी त्या वेळी जाऊन सांगा.

अशा व्याख्यानांत १९७१ चाच, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला नकली तुरुंगाचा प्रयोग सांगायची पद्धत आहे: साध्या विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं आणि ते क्रूर झाले. मी त्याला फार वजन देत नाही. पहारेकऱ्यांनी कसं वागावं याच्या सूचना त्या मुलांना मिळाल्या होत्या, हे पुढे उजेडात आलं. शिवाय 'वातावरणच तसं असतं हो' ही सबब त्या प्रयोगाने फार जणांना पुरवली आहे.

वाचायचंच असेल तर नेल्सन मंडेला नियम वाचा, म्हणजे कैद्यांना कसं वागवावं याचे आंतरराष्ट्रीय किमान नियम. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ रोजी ते स्वीकारले. एकूण १२२ आहेत. ७४ ते ८२ थेट तुमच्याविषयी. बळ कधी वापरायचं? स्वसंरक्षणासाठी, पळून जाण्याचा प्रयत्न होत असेल तर, किंवा कायदेशीर हुकमाला अंगाने विरोध होत असेल तर. तेही गरजेपुरतंच, आणि लगेच वरिष्ठांना कळवायचं. कैद्यांमध्ये वावरणाऱ्याने, खास परिस्थिती सोडली तर, शस्त्र बाळगू नये असंही त्यात आहे. हे ऐकून तुमच्यातले काही जण चुळबुळले. पण गर्दीत एकट्या माणसाच्या कमरेला बंदूक असली तर ती कुणाची होईल, याचा विचार करा. ब्रिटनच्या तुरुंगात नेहमीच्या ड्युटीवर अधिकारी बंदूक बाळगत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये रात्रपाळीवाल्याच्या खिशात एक खास चाकू मात्र असतो: गळफास कापायचा. आत्महत्येचा धोका कोठडीतल्या सुरुवातीच्या दिवसांत फार मोठा असतो. नुकताच आत आलेला, गप्प गप्प असलेला माणूस 'त्रास देत नाही' म्हणून तुमच्या नजरेतून सुटता कामा नये.

म्हणूनच रात्रीची मोजणी. पांघरुणाखालचा उंचवटा म्हणजे कैदी नव्हे. श्वास दिसला पाहिजे, हालचाल दिसली पाहिजे. मोजणी जुळेपर्यंत सगळं थांबतं, आणि चुकीचा आकडा सांगणाऱ्याला सगळी पाळी शिव्या देते.

लिहिण्याबद्दल. तुमचा अहवाल चौकशीत आणि कोर्टात वाचला जातो. 'कैदी आक्रमक झाला' हे तुमचं मत झालं. 'त्याने उजव्या हाताची मूठ वळली, खांद्यापर्यंत उचलली आणि माझ्या दिशेने दोन पावलं आला' ही नोंद. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहा. वेळ लिहा. सहकाऱ्याचा अहवाल बघून आपला लिहू नका. घरी बसून सराव करायला काही लागत नाही: रस्त्यावरचं एखादं भांडण बघा आणि एकही विशेषण न वापरता लिहून काढा. बघा किती जड जातं.

नॉर्वेत तुरुंग अधिकाऱ्याला दोन वर्षांचं पगारी शिक्षण मिळतं, त्यात कायद्यापासून नीतिशास्त्रापर्यंत सगळं असतं. बऱ्याच देशांत काही आठवड्यांत गणवेश अंगावर चढतो. तुमच्या वाट्याला दुसरा प्रकार आला तर उरलेलं शिक्षण तुमचं तुम्हालाच करून घ्यायचंय. घरच्यांशीही आधी बोला. पाळ्या, सणाला ड्युटी हे त्यांना माहीत असतं. कामावरची सावध नजर घरी आल्यावरही उतरत नाही, दाराकडे पाठ करून बसवत नाही, हे त्यांना माहीत नसतं.

(प्रश्नोत्तरांतून)

मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलंय की ओळखीचा माणूस कैदी म्हणून आला तर काय करायचं? फार चांगला प्रश्न आहे, आणि हे घडतं. त्याच दिवशी, त्याने तुम्हाला हाक मारायच्या आत शक्य असेल तर, वरिष्ठांना लेखी कळवायचं: हा माझा शेजारी आहे, वर्गमित्र आहे, जे असेल ते. दुसरीकडे ड्युटी मागायची. नाही मिळाली तर त्याला इतरांसारखंच वागवायचं, कमी नाही आणि जास्त नाही. लाजेपोटी ओळख लपवलीत तर ते गुपित त्याच्या हातात जातं, आणि तो ते कधी वापरेल हे तोच ठरवतो. कळवलेल्याची पोच घ्या आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.