तुम्ही कोणाला बघायला आलात?

नमस्कार. आधी एक खुलासा. बाहेरच्या फलकावर माझ्या नावाशेजारी जीभ बाहेर काढून उभा असलेला काळ्यापांढऱ्या तोंडाचा माणूस आहे ना, तो अमेरिकेतल्या 'किस' या रॉक बँडचा. आजच्या विषयाशी त्याचं नातं आहे, पण सासूबाईंच्या माहेरकडून असतं तेवढंच. फलक ज्यांनी केला त्यांना मी काही बोलणार नाही, कारण चहाची किटली त्यांच्याच ताब्यात आहे.

विषय आहे व्हिज्युअल केई, म्हणजे नटूनथटून वाजवणाऱ्या जपानी रॉक बँडांची दुनिया. समोर माझे जपानीचे आजी-माजी विद्यार्थी बरेच दिसतायत, तेव्हा 'केई' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. 'ताइयोकेई' म्हणजे सूर्यमाला, त्यातली ही माला. एका दोऱ्यात ओवलेलं. गंमत अशी की जो तो 'व्हिज्युअल' बघत बसला. उभे केलेले लाल-गुलाबी केस, डोळ्यांभोवती काजळ, लेस, कातडी पट्टे. ते दिसतंच हो, दिसावं म्हणूनच केलेलं असतं. दोरा कुठाय ते कोणी विचारत नाही. मला तो जिथे दिसला तो किस्सा आधी सांगतो, मग मुद्द्यावर येऊ. पाच मिनिटं फक्त.

मी टोकियोत शिकायला होतो. तिथल्या ताकादानोबाबा भागात एका तळघरात 'लाइव्ह हाऊस' होतं. लाइव्ह हाऊस म्हणजे आपल्या शाळेच्या दोन वर्गांएवढी खोली, खुर्ची एकही नाही, आणि भिंती काळ्या. एका संध्याकाळी पाच-सहा बँड. जिना उतरलो, तिकीट काढलं, वर पेयाचे पैसे वेगळे द्यावे लागतात तेही दिले. मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आज कोणाला बघायला आलात?"

मला वाटलं, जपानी आदरातिथ्य! मी घोटून ठेवलेल्या जपानीत म्हणालो, "सगळ्यांनाच." ती हसली नाही. तिच्यासमोर कागद होता, त्यावर बँडांची नावं, आणि प्रत्येक नावाखाली '正' हे अक्षर अर्धवट काढलेलं. आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी काढतो ना, तसं ते लोक पाच रेघांचं हे अक्षर पुरं करत मोजतात. 'सगळ्यांनाच' या नावाचा बँड कागदावर नव्हता. माझ्यामागे रांग थांबली. शेवटी तिने पेन खाली ठेवून मला आत सोडलं, आणि मी खूश, की काय सुटलो!

नंतर कळलं ते असं. नव्या बँडला लाइव्ह हाऊसवाले पैसे देत नाहीत, उलट कोटा देतात. 'नोरुमा' म्हणतात त्याला. अमुक तिकिटं तुमच्या नावावर खपली पाहिजेत, नाही खपली तर उरलेली रक्कम बँडने भरायची. काउंटरवरची रेघ म्हणजे तो हिशोब. वर जो पोरगा राजपुत्राच्या वेशात उभा असतो, तो दिवसभर कुठल्यातरी दुकानात काम करून आलेला असतो आणि रात्री त्या रेघांवर त्याचं देणं ठरतं. माझी रेघ कोणालाच मिळाली नाही. मी फुकट्यासारखा आत गेलो, तेही पूर्ण पैसे भरून.

आत आणखी फजिती. पुढे जागा रिकामी दिसली म्हणून जाऊन उभा राहिलो. आपली एसटीची सवय! आजूबाजूला सगळ्या मुली. एकीने हळूच सांगितलं, ही जागा आत्ता येणाऱ्या बँडच्या चाहत्यांची. बँड बदलला की पुढे उभ्या असलेल्या मुली आपणहून मागे येतात आणि नंतरच्या बँडच्या मुली पुढे जातात. धक्का नाही, आवाज नाही. मग गाणं सुरू झालं आणि शंभरेक मुलींनी एकाच ठेक्यावर एकच हातवारा केला. 'फुरित्सुके'. कडवं बदललं, हातवारा बदलला. मध्येच सगळ्या कमरेतून वाकून केस उडवायला लागल्या. एका ठिकाणी आवडत्या गिटारवाल्याकडे दोन्ही हात पसरले. त्याला 'साकु' म्हणतात, म्हणजे फुलणं. मी मधोमध विजेच्या खांबासारखा. वारीतल्या पावलीत चुकून शिरलेल्या माणसाचं काय होतं, ते ज्यांचं झालंय त्यांना सांगायला नको.

बालगंधर्वांचं नाव कोणीतरी काढणार, मला दिसतंय. काढू नका. काबुकी या जपानी नाटकात बाईची भूमिका करणारा पुरुष, म्हणजे ओन्नागाता काय किंवा आपले गंधर्व काय, समोर पुरुष आहे हे तुम्ही विसरावं म्हणून त्यांची सगळी मेहनत. 'मालिस मिझेर' या बँडचा माना घोळदार झगे घालून गिटार वाजवायचा, त्यात विसरायला लावणं नव्हतंच. तो लोकांसमोर बोलतही नसे. मुलाखतीत शेजारच्याच्या कानात पुटपुटायचा आणि शेजारचा ते मोठ्याने सांगायचा. 1999 साली त्याने कपड्यांचा स्वतःचा ब्रँडच काढला...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात. आठ वाजता इथे झुंबाचा वर्ग आहे म्हणे. बरं, इतिहास पळत-पळत.

1982 साली चिबातल्या तातेयामामध्ये योशिकी आणि तोशी या बालमित्रांनी 'एक्स' हा बँड काढला, तोच पुढे 'एक्स जपान'. योशिकीच्या घरचं किमोनोचं दुकान. 1987 साली गिटारवर हिदे आला, त्याच्याकडे केशभूषेचा रीतसर परवाना. कापडवाला आणि केसवाला एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? 1989च्या 'ब्लू ब्लड' अल्बमवर इंग्रजीत ब्रीद छापलं, 'सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक'. सहा शब्द, व्याकरणाचा पत्ता नाही, पण त्यातूनच नाव निघालं. 1990 साली निघालेल्या 'शॉक्स' मासिकाचे संपादक होशिको 'व्हिज्युअल शॉक केई' म्हणू लागले, पुढे शॉक गळला.

आता दोरा. योशिकीने 1986 साली स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, एक्स्टसी. 'लुना सी' हा बँड तिथूनच आला, 'ग्ले'ही तिथूनच. 'दिर आं ग्रे' या बँडची 1999ची काही गाणी त्यानेच घडवली. आता ऐका: एक्सचं पियानोवरून सुसाट मेटलवर जाणारं 29 मिनिटांचं एक गाणं आणि ग्लेची सरळ रॉक गाणी, यांत सुरांचं काय साम्य? काही नाही. ग्लेने तर रंग पुसून टाकला आणि जुलै 1999मध्ये माकुहारीला दोन लाख लोक जमवले. म्हणून म्हणतो, हा संगीताचा प्रकार नाही. कोणी कोणाला वर आणलं आणि खाली कोण उभं राहिलं, त्याची ही माळ. हिदे मे 1998मध्ये वारला, तेव्हा त्सुकिजीच्या होंगानजी मंदिराबाहेर सुमारे पन्नास हजार लोक आले. ते काय नुसते केस बघायला?

हो, हो, संपवतो. महिन्याभराने मी त्याच तळघरात पुन्हा गेलो. मुलगी तीच. "कोणाला बघायला?" यावेळी मी एक नाव पाठ करून गेलो होतो. तिने कागदावर बोट फिरवलं. त्या नावाखाली दोनच रेघा होत्या. तिने तिसरी ओढली.