टाकलेला सदरा पुढे कुठे जातो?

नमस्कार. नको झालेला सदरा आपण कापड-संकलनाच्या पेटीत टाकतो, तेव्हा त्यापासून पुन्हा नवा सदरा तयार होईल, अशी आपली समजूत असते. आज या समजुतीविषयी सविस्तर बोलायचे आहे, कारण तिच्या भरवशावर आपण निश्चिंतपणे नवीन कपडे घेत राहतो.

वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कच्च्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. याचे कारण धाग्यातच आहे. चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचे तंत्र जुनेच असून, इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ यांनी १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्यांपासून कापड विणले होते. मात्र पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूंचे सूत कच्चे निघते, म्हणून त्यात नवे तंतू मिसळावे लागतात, किंवा तो माल गाद्यांत भरण्यासाठी आणि पुसण्याच्या फडक्यांसाठी जातो. त्यातच आजचे पुष्कळ कपडे सुती आणि पॉलिएस्टर धाग्यांच्या मिश्रणाचे असतात, त्यांत ताणासाठी इलॅस्टेन हा रबरासारखा ताणला जाणारा धागाही घातलेला असतो, आणि हे धागे एकमेकांपासून वेगळे करणे अवघड व खर्चिक आहे.

म्हणूनच कपडा कपडा म्हणूनच वापरात राहणे, हा मला सर्वांत भक्कम मार्ग वाटतो. वापरलेला सदरा दुसऱ्याच्या अंगावर गेला, तर त्यासाठी नव्याने कापूस पिकवावा लागत नाही, सूत कातावे लागत नाही आणि, ज्यात पाणी व रसायने मोठ्या प्रमाणात खर्ची पडतात, ती रंगाईही करावी लागत नाही. परंतु हा लाभ तेव्हाच पदरात पडतो, जेव्हा त्या जुन्या सदऱ्यामुळे एका नव्या सदऱ्याची खरेदी खरोखरच टळते. जुने विकून कपाटात जागा केली आणि ती लगेच नव्या कपड्यांनी भरली, तर कचरा कमी न होता केवळ त्याचा पत्ता बदलतो.

हा पत्ता अनेकदा फार दूरचा असतो. घानाच्या अक्रा शहरातील कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांतून जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. तेथील विक्रेते, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, आत काय आहे हे न पाहताच गठ्ठा विकत घेतात; त्यातून फाटके, डागाळलेले कपडे निघाले, तर तोटा त्यांच्या माथी येतो आणि त्या कपड्यांपैकी बरेचसे गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतात. आपण ‘दान’ म्हणून दिलेल्या वस्तूचे ओझे असे दुसऱ्याने वाहावे, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. म्हणून कपडा देण्यापूर्वी तो धुवावा, उसवलेली शिवण घालावी, तुटलेले बटण लावावे.

जुना कपडा विकत घेतानाही घाई करू नये. कापड उजेडासमोर धरले की विरलेल्या जागा लगेच दिसतात. काखेतली आणि मांड्यांमधली शिवण उलटी करून पाहावी. शिवणीच्या आत शिंप्याने पुरेशी माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असेल, तर तो कपडा पुढे सैल करता येतो आणि आणखी काही वर्षे अंगावर राहतो.